बिनगुंड्यांचा कोट

१

रोज सकाळी मारोतराव आसेगावातून फटफटी काढायचा, गावाबाहेर आपल्या वावराशी थांबायचा, बांध ओलांडून ज्वारीत शिरायचा आणि पायातलं पायताण काढून बुजगावण्याच्या थोबाडावर पाच वेळा हाणायचा. मोजून पाच. बुजगावण्याचं डोकं म्हणजे पालथं काळं मडकं, त्यावर चुन्याचे दोन डोळे. पायताण बसलं की मडकं ठण्ण वाजायचं. तो आवाज कानावर पडल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे.

लोक हसायचे. हसोत बापडे! त्यांची बायको नव्हती मेली.

बुजगावण्याच्या अंगात पोलिसाचा जुना खाकी कोट होता. वाशीमच्या बाजारात जुनेरं विकणाऱ्याकडे तो मिळाला. पितळी गुंड्या त्यानं आधीच काढून घेतल्या होत्या, म्हणून मारोतरावानं कोट पुढून सुतळीनं बांधला, बाह्यांतून आडवा बांबू घातला, आत कडबा कोंबला आणि मडक्यावर पगडी ठेवली. हुबेहूब जमादार! फक्त पाय एकच, तोही बांबूचा.

दोन वर्षांपूर्वी, लढाईच्या धामधुमीत, त्याच्या बायकोच्या, रंगूबाईच्या, पोटात आग पडली होती. मारोतरावानं तिला दमणीत घातलं, गचके बसू नयेत म्हणून तिच्या पायांखाली घरच्या ज्वारीचं अर्धं पोतं ठेवलं आणि बैल वाशीमकडे पिटाळले. वाटेत धान्याचा नाका होता. दोन बेचक्यांवर एक लांब बल्ली आडवी टाकलेली, बाजूला छपरी. नाक्यावरच्या जमादारानं पोतं पाहिलं. झालं! परवाना कुठं, ज्वारी कुठं चालली, पंचनामा करा. मारोतराव पाया पडला. म्हणाला, पोतं ठेवून घ्या, मलाही ठेवून घ्या, पण गाडी जाऊ द्या. जमादार पेन्सिलीला थुंकी लावून लिहीत राहिला. दोन तास. तो लिहीत होता तेव्हाच दमणीत रंगूबाईचा हात थंड पडला.

महिन्याभरात जमादाराची बदली झाली. मारोतरावाचा संताप मात्र तिथंच राहिला. त्यानं शपथ घेतली, खाकी कोटासाठी या जन्मात पुन्हा थांबणार नाही. लढाई संपल्यावर लष्करानं विकायला काढलेली फटफटी त्यानं घेतली ती त्याच हट्टानं. डाव्या अंगाला पाळण्यासारखी साइडकार होती, ती त्यानं सोडवून गोठ्यात टाकली. नाका आला की नुसती फटफटी बल्लीच्या टोकाकडून, नालीच्या उतारावरून भर्रकन काढायचा आणि मागं धूळ ठेवून जायचा. शिट्टी वाजली तर वाजली.

२

आश्विनातली गोष्ट. ऊन मी म्हणत होतं, ज्वारीनं कणसं धरली होती. मारोतराव पायताण हातात घेऊन, नेहमीसारखा वळसा घालून बुजगावण्यापुढं आला आणि पाहतो तर समोर पाठ.

बुजगावण्याचं तोंड पिकाकडं असायचं. त्या दिवशी ते रस्त्याकडं होतं.

"रूपला!" तो कडाडला. रूपला म्हणजे त्याचा सालदार, तांड्यावरचा. तो दुसऱ्या टोकाहून पळत आला. "हे कोनं फिरवलं बे?"

"मालक, म्या हात नाई लावला जी. मले तं त्याच्याकडं पाहावंसंबी नाई वाटत."

"मंग काय तुया बापानं फिरवलं?"

मारोतरावानं स्वतः बांबू फिरवून तोंड पिकाकडं केलं, पाचाऐवजी सात हाणल्या आणि निघून गेला. वारा असेल, दुसरं काय! बांबू सैल झाला असेल.

दुसऱ्या सकाळी तोंड पुन्हा रस्त्याकडं. आणि ते बांधाच्या जवळ आलं होतं. पाच-सहा हात तरी. मारोतरावानं जुनी जागा शोधली. जिथं त्यानं स्वतः पहारीनं हातभर खड्डा केला होता, तिथं खड्डाच नव्हता. जमीन सपाट होती, तिच्यावर भेगा पडल्या होत्या, महिनोन्‌महिने कुणी हात न लावल्यासारख्या. तो उकिडवा बसून त्या भेगांकडं बघत राहिला. काळी जमीन उन्हात तडकते, सरकते, विहिरींचे काठ खचवते. मग एक बांबू सरकला तर काय मोठं नवल? आपण शहाणे आहोत, हे त्यानं स्वतःला दोनदा बजावलं.

त्या दिवशी मडकं ठण्ण वाजलं नाही. बद्द वाजलं. भरलेलं भांडं वाजतं तसं.

३

गोजराबाई, त्याची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मारोतराव तिला हसून सामोरा गेला, घरात जाऊन रडला आणि बाहेर येऊन गोठ्यातल्या साइडकारीची धूळ झटकू लागला. पोरीला अडलं-नडलं तर दमणीत घालायचं नाही, हे त्यानं ठरवूनच टाकलं होतं. वाशीमला बायांचा दवाखाना होता. फटफटी घटकाभरात पोचवील.

थोरली बहीण मनकर्णाबाई विधवा झाल्यापासून त्याच्याकडंच असे. घर तीच बघायची. तिनं भाकरी वाढता वाढता विषय काढला.

"मारोती, वावरातलं ते सोंग उपटून फेक. घरात दोन जिवाची पोरगी हाये."

"काहून उपटू? भेलो काय मी?"

"भेला नाईस, पिसाळला हाईस. मेलेल्या मान्साचं दुख मले समजते, बाप्पा. पन रोज कोनाले मारून राह्यला तू? त्या जमादाराले का सोताले?"

"तुले नाई समजत, बाई!" त्यानं ताट सरकवलं. ते सोंग उपटलं म्हणजे जमादार सुटला. असं कसं सुटेल तो?

दोन दिवसांनी नाक्याजवळ फटफटीनं वेग कमी केला तेव्हा छपरीतला शिपाई पळत आडवा आला. बाबूसिंग नाव त्याचं, वर्षभरापूर्वीच आला होता. मिसरूड नुकतं जाड झालेलं, कोटाच्या पितळी गुंड्या लखलखीत घासलेल्या. शिट्टी नाही, काठी नाही.

"काका, एक गोष्ट ऐका ना जी. थांबू नका, चालत चालतच ऐका." तो खरंच फटफटीच्या बाजूनं धावू लागला. "तुमच्या घरच्या बाईचं मले समजलं. लय वाईट झालं. आता पोरगी आली म्हनते. तिले घेऊन येसान तं साइडकार नालीतून निंगनार नाई, उलटन. तुमी वळणावरूनच भोंगा वाजवा. म्या बल्ली उचलून खांद्यावर घेतो अन् बाजूले होतो. कागद नाई, काई नाई. म्या म्हननार, काका, रस्ता मोकळा हाये, निंगा. बस!"

मारोतराव त्याच्या गुंड्यांकडं बघत होता. त्याला फक्त खाकी दिसत होती.

"तुया मेहरबानीवर थुकतो मी!" तो ओरडला, खरंच थुंकला आणि नालीच्या उतारावरून फटफटी काढली. बाबूसिंगाचं बोलणं त्यानं ऐकलं होतं, पण डोक्यात ठेवलं नाही. रागानं भरलेल्या डोक्यात जागा कुठं असते!

४

चार दिवसांनी तो वाशीमहून पेट्रोल घेऊन एकटाच परतत होता. भर दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. नाका मागं पडला, नाल्यावरच्या बुटक्या पुलाची फरशी जवळ आली आणि पुढं रस्त्याच्या मधोमध पोलीस उभा दिसला. दोन्ही हात पसरलेले.

मारोतरावाचं रक्त उसळलं. आता रस्त्यातही उभे राहू लागले? त्यानं मूठ पिळली. फटफटी बोंबलत सुटली. हटेल बरोब्बर, खाकीवाले जिवाला फार जपतात!

तो हटला नाही. हात खाली आले नाहीत. एवढा वेळ हात इतके सरळ कोण धरतं? हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याच वेळी त्याला दिसलं की कोटाखाली पाय एकच आहे.

फाड्‌! मडकं फुटलं, कडबा तोंडावर आला, काहीतरी हलकं चाकाखालून गेलं. फटफटी हिंदकळली आणि सावरली. मारोतराव खदाखदा हसला. त्यानं वळून पाहिलं. रस्त्यावर थोडा कडबा उडत होता. कोट नव्हता, पगडी नव्हती, खापरीही नव्हती.

वावरापाशी तो थांबला. बुजगावणं उभं होतं. अगदी बांधावर आलेलं, रस्त्याकडं तोंड करून. मडकं शाबूत. कोटावर, सुतळीच्या गाठीवरून तिरपा, टायरचा नक्षीदार पट्टा उमटला होता.

"रूपला, हे कोनं..." त्यानं सुरुवात केली. पण रूपला वावरात नव्हताच.

तेव्हाच उपटायला हवं होतं ते. आग लावायला हवी होती. मारोतरावाच्या खिशात काडीपेटी होती, हात खिशाकडं गेलाही. पण आपण भ्यालो, हे कबूल करायचं? एका कोटाला? त्यानं पायताण काढलं आणि पाच हाणल्या. पाचवी नीट बसली नाही, म्हणून सहावी हाणली.

५

कळा पहाटे सुरू झाल्या. दहा वाजता सुईण बाहेर आली आणि मान हलवून म्हणाली, "मूल आडवं हाये. माया हातचं नाई हे."

मारोतरावानं साइडकार रात्रीच जोडून ठेवली होती. त्यात गोधड्या घातल्या, गोजराला उचलून ठेवलं. मनकर्णाबाई मागं बसते म्हणाली, त्यानं बसू दिलं नाही. "वजन वाढते. देवापाशी बस तू." त्यानं फटफटी सुरू केली. दोन वर्षांपूर्वी याच अंगणातून दमणी निघाली होती.

वावर आलं. त्याला बघायचं नव्हतं, तरी मान वळलीच.

बांधावर काही नव्हतं. ज्वारी, ऊन, आणि त्यामागं काही नाही.

"बाबा," गोजरा दात आवळून म्हणाली, "तुमचं बुजगावनं कुठं गेलं?"

"रूपलानं काढलं असन. तू बोलू नको, माय. दम खा."

पण त्याला ठाऊक होतं. ते पुढं गेलं होतं. रस्त्यावर कुठंतरी असणार होतं. प्रत्येक बाभळीमागं त्याची नजर जाऊ लागली. नाल्याची फरशी आली आणि गेली. तिथं नव्हतं. मैलाचा दगड गेला. तिथंही नव्हतं. गोजरा विव्हळली आणि तिनं साइडकारीची कड धरली. बोटं पांढरी पडली होती, रंगूबाईची पडली होती तशीच.

नाक्याअलीकडच्या वळणावर म्हशी आडव्या आल्या. त्यानं रबरी भोंगा दाबला. एकदा, दोनदा, चिडून पुन्हा पुन्हा. म्हशी हलल्या. फटफटी वळण घेऊन बाहेर आली.

आणि तिथं ते उभं होतं. रस्त्याच्या मधोमध, खाकी कोट, पगडी, दोन्ही हात सरळ पसरलेले. हातांतून आडवा बांबू आरपार.

"थांबू की नाही" हा प्रश्न त्याच्यापुढं पहिल्यांदाच उभा राहिला. दोन वर्षं त्याला तो पडलाच नव्हता. माणूस असेल तर? पण मागच्या वेळीही माणूसच वाटला होता. थांबलो आणि ते जवळ आलं तर? साइडकारीत वाकून बघितलं तर? रंगीच्या वेळी थांबलो होतो. थांबूनच गेली ती.

"थांबनार नाई!" तो किंचाळला. "तुया बापाले सांग, थांबनार नाई!"

"बाबा!" गोजराचा आवाज फाटला. "बाबा, थांबा! मानूस हाये तो!"

या वेळी मडकं फुटलं नाही. कडबा उडाला नाही. जड काहीतरी उजव्या हँडलवर आदळलं, मारोतरावाच्या गुडघ्याला घासलं आणि मागं गेलं. बल्ली रस्त्यावर पडून दोनदा वाजली. त्यानं वळून पाहिलं नाही. वळून बघायला वेग कमी करावा लागतो.

६

"अर्धा तास उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मुलगी आहे. आई बरी आहे. तुम्ही बसा जरा, किती घामेजलात!"

मारोतराव बसला नाही. त्यानं नातीचं लालबुंद तोंड पाहिलं, हात जोडले आणि थेट बाहेर फटफटीकडं गेला. उजवी बाजू. खाली वाकून बघायला त्याला बराच वेळ लागला.

मडगार्डात ज्वारीच्या कडब्याची धांडं अडकली होती. नुसता कडबा! त्यानं एक धांड ओढून काढलं, वास घेतला आणि तिथंच मातीत बसून हसत सुटला. कडबाच होता. खुळी पोरगी, कळांनी तिला भलतंच दिसलं.

तो आत गेला तेव्हा गोजरा जागी होती. बापाकडं बघत नव्हती.

"माय, कडबा होता तो. आपलंच बुजगावनं. पाह्य, हे पाह्य."

"बाबा," ती भिंतीकडं बघत म्हणाली, "त्याच्या कोटाले गुंड्या होत्या. तो बल्ली खांद्यावर घेऊन बाजूले होऊन राह्यला होता. आपल्याकडं पाहून हासला तो."

मारोतरावाच्या हातातलं धांड गळून पडलं. भोंगा! वळणावर भोंगा त्यानंच वाजवला होता. म्हशींसाठी. पण वाजवला होता.

७

परत जाताना तो सावकाश गेला. मनात म्हणत होता, लागलं असेल त्याला, हात मोडला असेल, दवाखान्यात नेऊ, पाया पडू. दोन वर्षांत प्रथमच त्याला खाकीवाला जिवंत दिसायला हवा होता.

आणि नाक्यावर तो उभा होता! रस्त्याच्या कडेला, पाठमोरा, बल्ली खांद्यावर आडवी, हात तिच्यावर पसरलेले. रस्ता मोकळा.

मारोतरावाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं आपण होऊन फटफटी उभी केली. नाक्यावर. पोलिसासाठी.

"बाबूसिंग! अरे पोरा, लागलं तं नाई ना रे तुले?"

वाऱ्यानं कोट हलला, आत सळसळ झाली. मारोतराव दोन पावलं बाजूनं पुढं सरकला. तोंड त्यानं बघितलं नाही. बघायचं ठरवलं होतं, झालं नाही. कोटाला गुंड्या नव्हत्या. पुढून सुतळी बांधलेली होती. गाठीवर टायरचा तिरपा पट्टा होता.

फटफटी दुसऱ्या लाथेला सुरू झाली. तो पळाला. मागं बल्ली बेचक्यांवर पडल्याचा आवाज त्यानं स्पष्ट ऐकला. रस्ता बंद झाला होता. अलीकडं तो, पलीकडं गोजरा आणि काही तासांची नात. बारा दिवसांनी त्यांना घरी आणायचं होतं, आणि वाशीमहून यायला दुसरा रस्ता नव्हता.

वावराशी रूपला रस्त्यावरच उभा होता. डोक्याचं फडकं त्यानं तोंडात कोंबलं होतं. मारोतरावाला पाहून त्यानं नुसता ज्वारीकडं हात केला.

ज्वारीत, जुन्या जागेवर, ते उभं होतं. हात पसरलेले. त्याच्या खांद्यांवर कावळे बसले होते. बुजगावण्यावर कधी कावळे बसले नव्हते. उन्हात पितळी गुंड्या लखलखत होत्या. पाय दोन होते.

मारोतरावाच्या हाताला सवय होती. तो आपसूक पायताणाकडं गेला आणि तिथंच राहिला. कावळे एकदम उडाले. कणसांवरून, अगदी हळू, पळून दमलेल्या माणसाचा आवाज आला.

"काका, रस्ता मोकळा हाये. निंगा."

मारोतराव बांधावर बसला. रूपला त्याला ओढत होता, चला मालक, चला जी म्हणत होता. त्याला उठता येत नव्हतं.